हिशेब पुरा, देणे बाकी

भुताच्या गावाला जाणाऱ्या गाडीत उभे राहायला जागा नव्हती.

बंगळूरहून संध्याकाळी मारिकुप्पमला जाणारी ती लोकल. हातात रिकामे डबे, खांद्याला पिशव्या आणि चेहऱ्यावर दिवसभराच्या कामाचा थकवा घेऊन माणसे दारापर्यंत लटकली होती. कोणी इस्पितळात वॉर्डबॉय, कोणी मॉलमध्ये पहारेकरी, कोणी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या मुली. माझे पांढरे केस पाहून एका पोराने उठून मला जागा दिली. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, ‘कुठे जाणार?’ तो म्हणाला, ‘के.जी.एफ.’ समोरच्या बाईने तेच उत्तर दिले. तिच्या शेजारचीनेही तेच दिले.

निघण्यापूर्वी पुण्यात ज्याला ज्याला सांगितले, तो तो हसला होता. ‘कोलारची सोन्याची खाण? ती बंद पडून किती वर्षे झाली! तिथे आता भुते राहतात.’ २०१८ साली आलेल्या कन्नड चित्रपटामुळे के.जी.एफ. ही तीन अक्षरे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. पण चित्रपटातले ते गाव आणि खरोखरीचे कोलार गोल्ड फील्ड्स यांचा संबंध नावापुरताच. माझ्याही मनात चित्र होते ते ओसाड बंगल्यांचे, गंजलेल्या यंत्रांचे आणि वाऱ्यावर कुरकुरणाऱ्या दारांचे. ते सगळे मला पुढे दिसलेच. पण पहिल्यांदा दिसली ती ही खचाखच भरलेली गाडी. भुते काही पास काढून रोज कामावर जात नाहीत, एवढे मला बंगारपेट येईपर्यंत कळून चुकले.

बंगारपेटला मुख्य मार्ग सोडून गाडी एका फाट्याला लागते. हा फाटा १८९४ साली केवळ खाणींसाठी टाकलेला. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी स्टेशने येतात. चॅम्पियन हे स्टेशनचे नाव ऐकून गंमत वाटते, पण ते तिथल्या चॅम्पियन रीफ या खाणीचे नाव. जगातल्या अतिशय खोल खाणींपैकी ती एक. तीन किलोमीटरहून अधिक खाली गेलेली.

मी तिथे का गेलो, हे सांगायला थोडे मागे जायला हवे.

नोकरीची सुरुवातीची काही वर्षे मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याला बँकेत अधिकारी होतो. खानापूर तालुका म्हणजे पाण्याचे दुर्भिक्ष आणि म्हणून घरोघरचा एक तरी पुरुष परमुलखात. हे लोक गलाईचा धंदा करतात. सोनारांकडून जुने, मिसळीचे सोने-चांदी घ्यायची, ती भट्टीत वितळवून शुद्ध करायची. केरळपासून काश्मीरपर्यंत, जिथे सोनारगल्ली आहे तिथे विट्याकडचा गलाईवाला सापडतोच. त्या काळातले माझे एक खातेदार असेच दक्षिणेत गेले आणि के.जी.एफ.मधल्या रॉबर्टसनपेटच्या बाजारात स्थिरावले. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा तीच भट्टी चालवतो. गावच्या जत्रेला आला की मला भेटून जातो आणि दर वेळी म्हणतो, ‘काका, एकदा या की आमच्याकडं. सोन्याच्या गावात ऱ्हातो आम्ही, बगून तरी जावा.’ निवृत्तीनंतर सबब उरली नव्हती.

त्याचा जन्म तिथलाच. बाजारात तो तमिळ बोलतो, सरकारी कचेरीत कानडी बोलतो आणि घरी खानापूर तालुक्यातली बोली जशीच्या तशी. दुकानाच्या मागच्या खोलीत भट्टी. सोनारांच्या दुकानांतली झाडलोट तो पोत्याने विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्या राखेतून कणभर सोने काढतो. मी म्हटले, ‘अरे, समोर एवढी मोठी सोन्याची खाण, आणि तू सोने काढतोस केरातून!’ तो हसला. ‘काका, खाणीतलं सोनं ह्या गावात कवा व्हतं? ते पेटीत बसून थेट भायेर जायाचं. ह्या गावात आलं ते फकस्त लगनातलं सोनं. त्येबी दुकानातनं इकत घेतल्यालं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी खाणी पाहायला निघालो.

कोलार भागात सोने आहे ही कुणकुण फार जुनी. १८०२ साली जॉन वॉरन नावाचा एक लष्करी अधिकारी म्हैसूर राज्याच्या हद्दीची मोजणी करायला आला होता. उरगाम आणि मारिकुप्पमच्या परिसरातले गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात हे त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. तो अहवाल पुढे साठ-सत्तर वर्षे तसाच पडून राहिला. तो वाचून मायकेल लव्हेल हा निवृत्त आयरिश सैनिक इथे आला आणि १८७३ साली त्याने म्हैसूर सरकारकडे खाणकामाचा परवाना मागितला. त्याच्याजवळ चिकाटी होती, भांडवल नव्हते. भांडवल आणले १८८० साली आलेल्या इंग्लंडच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने. तिथून या माळरानाचे रूपच पालटले.

इंग्रज साहेबांसाठी बंगले झाले, क्लब झाला, गोल्फचे मैदान झाले, चर्च झाली. हवा थंड, म्हणून लोक याला ‘छोटे इंग्लंड’ म्हणू लागले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यातून इथे वीज आली. जवळजवळ दीडशे किलोमीटर लांबीची ती तार त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांमध्ये गणली जाई. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ साली. थोडक्यात, राजधानीआधी खाणीत उजेड पडला. माणसांच्या सोयीसाठी नव्हे, यंत्रांच्या सोयीसाठी.

आणि ज्यांनी ती यंत्रे चालवली ते कोण? उत्तर अर्काट आणि चित्तूरकडून आलेले तमिळ आणि तेलुगू मजूर. त्यांतले बहुसंख्य दलित. गावाकडे जमीन नाही, पाणवठ्यावर जागा नाही, म्हणून ते जमिनीखाली उतरले. भरभराटीच्या काळात इथे पंचवीस-तीस हजार माणसे काम करत. त्यांच्यासाठी तट्ट्यांच्या आणि पत्र्यांच्या झोपड्यांच्या रांगा उभारल्या. त्या रांगांना आजही ‘लाइन’ म्हणतात. कामावरून सुटताना अंगझडती होई. १९३० साली बोटांचे ठसे देण्याची सक्ती आली तेव्हा कामगारांनी काम बंद केले. ‘आम्ही गुन्हेगार आहोत का?’ असा त्यांचा सवाल होता.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, अयोतिदास पंडितांच्या प्रेरणेने या कामगार वस्त्यांमध्ये बौद्ध धर्माची चळवळ रुजली होती. मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफमध्ये तिच्या शाखा होत्या. नागपूरची दीक्षाभूमी १९५६ची. तिच्या जवळजवळ अर्धशतक आधी, सोने खणणाऱ्या या माणसांनी आपल्या माणूसपणाचा शोध सुरू केला होता.

मुंबईचाही इथे एक धागा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांबरोबर चॅम्पियन रीफमध्ये सव्वादोन किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली होती. वरून येणारे बाकीचे कण खडकातच अडतात आणि न्यूट्रिनो तेवढा आरपार येतो, म्हणून एवढी खोल जागा. १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोची चाहूल जगात ज्या दोन ठिकाणी पहिल्यांदा लागली, त्यांतले एक हे. दुसरे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत. म्हणजे या गावाने जगाला सोनेच दिले असे नाही.

तर अशा त्या खाणींच्या दारात आम्ही उभे होतो. दाराला कुलूप. कुंपणापलीकडे खाणीच्या तोंडावरचा उंच लोखंडी सांगाडा, त्यावरची दोन मोठी चाके थांबलेली. याच चाकांवरून जाड तारेला टांगलेला पिंजरा माणसांना घेऊन खाली उतरायचा. आता खाली पाणी आहे. खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि तीन किलोमीटरची ती पोकळी हळूहळू भरत गेली. साहेबांच्या बंगल्यांची छपरे खचली आहेत. भिंतीतून पिंपळ वर आला आहे. छायाचित्रे काढायला येणाऱ्यांना एवढे पुरते. मीही काढली.

मग त्याने मला ‘सायनाईडचे डोंगर’ दाखवले. खडकाचे पीठ करून, सायनाईडच्या पाण्याने त्यातले सोने धुऊन घेतल्यावर जो गाळ उरे, तो शंभर-सव्वाशे वर्षे टाकून टाकून झालेल्या या टेकड्या. फिकट, करड्या, पावसाने चिरा पाडलेल्या. त्यांच्यावर झाडझुडूप जवळपास नाही. चित्रपटवाल्यांना त्या फार आवडतात. वारा सुटला की मात्र त्यांची धूळ उडून शेजारच्या वस्तीत शिरते, अंथरुणावर बसते, आमटीत पडते. ‘काका, ह्यो डोंगर न्हवं. ही खाणीची राख हाय,’ माझा वाटाड्या म्हणाला. राखेतून सोने काढणाऱ्या माणसाने ते म्हणावे, हे मला लागले.

कारण त्या राखेतही अजून सोने आहे. २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने अशा तेरा टेकड्यांमधून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. सुमारे हजार एकरांवर पसरलेला हा गाळ. त्यात टनामागे किती सोने आहे याचे अंदाज बांधले गेले आहेत. बँकेतल्या माणसाला असे हिशेब आवडतात. मीही एक केला.

अगदी सुरुवातीच्या वर्षांत इथल्या एका टन खडकातून चाळीस ग्रॅमहून जास्त सोने निघे. शेवटी शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आले. तोळा आता आपण दहा ग्रॅमचाच धरतो. दोन तोळ्यांचे मंगळसूत्र करायचे तर, टनाला चार ग्रॅम धरून, पाच टन खडक फोडून, तीन किलोमीटर वर आणून, दळावा लागे. एका मंगळसूत्रामागे एक मालमोटारभर दगड! सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर या खाणींनी एकंदर सुमारे ८०० टन सोने दिले. अलीकडे आपला देश साधारण एका वर्षातच सातशे-आठशे टन सोने आयात करतो. कोलारच्या चार पिढ्यांनी जन्मभर खपून जे काढले, ते आपण आता एका लग्नसराईपासून दुसऱ्या लग्नसराईपर्यंत संपवतो.

खाणी तोट्यात गेल्या, असे सांगतात. ते खरे आहे. खोली वाढली, खर्च वाढला, सोने कमी झाले. पण हिशेबाच्या वहीत आणखी एक नोंद आहे. १९५६ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. बरीच वर्षे इथले सोने सरकारजमा होई ते आंतरराष्ट्रीय भावाने, आणि तो भाव आपल्या झवेरी बाजारातल्या भावाहून बराच कमी असे. त्या अर्थाने, या खाणीने सरकारला स्वस्तात सोने दिले आणि तोट्याचे खापर स्वतःच्या डोक्यावर घेतले. १९९१ साली देशाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जवळजवळ ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. देशाने केलेले ते सोनेतारणच. आम्ही बँकेतली माणसे त्या वेळी सुन्न झालो होतो. पण तशा वेळी उपयोगी पडावे म्हणून जे खणले जाते, ते खणणाऱ्यांची आठवण आमच्यापैकी कोणालाच झाली नाही. मलाही नाही. दहा वर्षांनी, २८ फेब्रुवारी २००१ रोजी, खाण बंद झाली.

दुपारी तो मला एका ‘लाइन’मध्ये घेऊन गेला. त्याच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ तिथे राहतात. सगळे त्यांना ‘अय्या’ म्हणतात. तीस वर्षे त्यांनी खाणीत काम केले, त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनीही. दोन खोल्या, समोर वाळत घातलेले कपडे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. फोटोखाली ताजे फूल होते. मी मुंबई-पुण्याकडून आलो म्हटल्यावर त्यांनी तसबिरीकडे बोट दाखवले आणि हात जोडले. मग आमचे बोलणे सुरू झाले. ते तमिळमध्ये बोलत, आमचा दुभाषा खानापुरीत सांगे.

मी सगळ्यांना सुचतो तोच प्रश्न विचारला. ‘इतकी वर्षे सोने खणलेत. मनात कधी मोह नाही झाला?’

अय्या बराच वेळ हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, ‘मोह व्हायला सोने दिसायला तर हवे! खाली दिसतो तो दगड. टनाला चार ग्रॅम सोने डोळ्यांना कसे दिसणार? मी सोने पहिल्यांदा नीट पाहिले ते माझ्या लग्नात, हिच्या गळ्यात.’

मग ते खालच्या उष्णतेबद्दल बोलले. इतक्या खोलीवर खडकच साठ अंशांच्या वर तापलेला असतो. थंड हवा आत सोडत, तरी घामाने बूट भरत. आणि ते बोलले ‘एअर ब्लास्ट’बद्दल. वरच्या दाबाने खालचा खडक अचानक फुटतो, बॉम्बसारखा. त्याचा हादरा वर गावापर्यंत येई. चुलीवरची भांडी वाजत. तेवढ्यात ऐकत बसलेली अय्यांची बायको पहिल्यांदा बोलली. ‘भांडे वाजले की आम्ही सगळ्या बायका खाणीच्या तोंडाशी धावायचो. पिंजरा वर यायचा, तो रिकामा आहे की भरलेला, हे बघायला. कोणी कोणाशी बोलायचे नाही. आपला माणूस दिसला की तशीच परत यायची आणि भात चढवायची. शेजारणीचा दिसला नाही, तर मात्र परत यायला जड जायचे.’

तिच्या गळ्यात पिवळा दोरा होता. तमिळ स्त्रिया ताली दोऱ्यातच ओवतात, पण या दोऱ्याला ताली नव्हती, हळकुंड बांधलेले होते. माझी नजर तिथे गेलेली तिच्या लक्षात आली असावी. तिने पदर ओढून घेतला. वाटेत माझ्या वाटाड्याने हळूच सांगितले, ‘खाण बंद झाली त्या वर्साला पेढीवर गहाण टाकली, लेकीच्या कालिजासाठी. त्यांनी सोडवायचं म्हनून लई येळा ठरवलं, पन जमलं न्हाय.’ लेक आता बंगळूरला इस्पितळात नर्स आहे. रोज पहाटे गाडीने जाते.

मला त्या रात्री झोप आली नाही. एक जुनी गोष्ट वर आली. ती मी आजवर लिहिली नव्हती.

१९८६ची गोष्ट. शाखेत सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. एका बाईने बोरमाळ ठेवून कर्ज काढले होते. नवरा दक्षिणेत गलाईच्या दुकानात नोकरीला. मुदत संपली, व्याज थकले. आम्ही नियमाप्रमाणे नोटिसा पाठवल्या. शेवटची ‘मालक घरी नाही’ असा शेरा घेऊन परत आली. ती बाई चार गावे पलीकडे मजुरीला गेली होती, हे नंतर कळले. वृत्तपत्रात जाहिरात दिली, लिलाव झाला. कर्ज आणि व्याज वळते करून उरलेली रक्कम तिच्या खात्यात जमा केली. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. अकराव्या दिवशी ती बाई काउंटरवर आली. नवऱ्याची मनीऑर्डर आली होती. नोटा पदराच्या गाठीत होत्या. मी तिला सगळे समजावून सांगितले, जमा रक्कम दाखवली. ती म्हणाली, ‘साहेब, पैसं ऱ्हाऊ द्या तुमचं. माझी माळ द्या.’

माळ सराफाने त्याच दिवशी वितळवली होती. मी तिला पासबुकावरचा आकडा पुन्हा दाखवला. ती बराच वेळ उभी राहिली. मग पदराची गाठ पुन्हा बांधून निघून गेली. त्या वर्षी आमच्या शाखेच्या तपासणीत सोनेतारण खात्यांवर एकही आक्षेप निघाला नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

कोलारच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून नेमके हेच केले, असे मला वाटते. नोटीस निघाली, मुदत संपली, कामगारांना हिशेब दिला. आकडे जुळले. फाइल बंद झाली. आणि मग फाइल बंद झालेल्या गावाला आपण भुताचे गाव म्हणू लागलो. २०११च्या जनगणनेत इथे दीड लाखाहून अधिक माणसे मोजली गेली आहेत! ती दिसत नाहीत, कारण आपल्याला त्यांच्याकडून आता काही घ्यायचे उरलेले नाही. आपल्याकडे जुनी माणसे सांगत की भूत कोणाचे होते, तर ज्याचे काही देणे-घेणे राहिले त्याचे. त्या अर्थाने मात्र हे नाव बरोबर आहे. फक्त राहिलेले देणे त्यांचे नाही, आपले आहे.

हे काही दूरच्या मुलखाचे दुखणे नाही. आमच्या मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांची जमीन मात्र सोन्याहून महाग झाली. तिथे मनोरे उभे राहिले. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ साल उजाडले. तोवर कितीतरी अर्जदार भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसले होते. जमिनीची किंमत चौरस फुटाला काढता येते, गाळाची टनाला काढता येते. माणसाच्या हक्काची वेळ आली की आपल्याला नेमके गणित जमत नाही.

म्हणून त्या तेरा टेकड्यांबद्दल एक साधी मागणी करावीशी वाटते. तिथून उद्या खरोखर सोने निघाले, तर त्या उत्पन्नातला पहिला वाटा त्या गावाचा असावा. शेवटचा नव्हे, खर्च वजा जाता उरला तर नव्हे, पहिला. त्यातून ती उडणारी धूळ आवरावी. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या त्या रांगांत राहिल्या, त्यांची घरे त्यांच्या नावावर करण्याची जुनी मागणी पुरी करावी. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छातीची तपासणी गावातच व्हावी. त्यांच्या मुलांना पहाटेच्या गाडीशिवाय दुसरे एखादे काम तिथे मिळावे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा दानधर्म नव्हे. हे थकीत देणे आहे आणि त्यावर फार वर्षांचे व्याज चढले आहे.

आणि आपण, घरात बसून रविवारी हे वाचणारे? आपण काही खाणी बंद केल्या नाहीत. पण सोन्यावर आपले प्रेम आहे, आणि त्यात गैर काही नाही. माझ्या आईच्या पाटल्यांनी माझे शिक्षण केले. फक्त दसऱ्याला, पाडव्याला सराफकट्ट्यावर गेलो की आपण वजन विचारतो, कस विचारतो, घडणावळीवर घासाघीस करतो. त्या वेळी क्षणभर तो मालमोटारभर दगड डोळ्यांपुढे आला, आणि भांडे वाजले म्हणून धावत सुटलेल्या त्या बायका आठवल्या, तर दागिन्याचा कस काही कमी होणार नाही.

परतीच्या दिवशी माझा यजमान म्हणाला, ‘काका, पहाटंची गाडी धरायची तर आदी दोन घंटं उठाया लागतंय. न्हायतर बसाया मिळायचं न्हाय.’ आम्ही अंधारातच मारिकुप्पमला पोहोचलो. फलाटावर निम्मे गाव जमले होते. शाली पांघरलेल्या बाया, डबे, पेंगुळलेली पोरे. गाडी लागताच सगळे धावले. खिडकीतून बाहेर पाहिले तर आभाळाला नुकता रंग चढत होता आणि त्यावर खाणीचा तो लोखंडी सांगाडा काळा उभा होता, चाके थांबलेला.

समोरच्या बाकावर नर्सच्या पांढऱ्या पोशाखातली एक बाई येऊन बसली. अय्यांची लेक ती हीच का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. गाडी सुटण्यापूर्वीच तिने खिडकीला डोके टेकले आणि डोळे मिटले.